प्रभूने माफ केलं असेल, पण ताईचं काय?

गावाकडचा
सर्वांना सलाम. थोडं मोठं लिहितोय, चार महिने डोक्यात फिरतंय आणि इथे नाव नसतं म्हणून लिहायचं धाडस करतोय.

आम्ही नगर जिल्ह्यातले, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. वडील २००९ ला गेले, मृत्युपत्र वगैरे काही केलं नव्हतं. तीन एकर जमीन, त्यांची स्वतःची घेतलेली. वारस आम्ही तिघं, आई, मोठी ताई आणि मी. पुढच्या वर्षी मी ताईकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. तिला सांगितलं की सोसायटीचं कर्ज काढायचंय, विहिरीसाठी, सगळ्यांची नावं असली की मंजूर होत नाही, नंतर तुझं नाव परत लावतो. कर्जबिर्ज काही नव्हतं. ती भाऊजींना पण न विचारता आली, निबंधकाच्या ऑफिसात बाकड्यावर बसून सही केली आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेली. मी तिला तिकिटाचे पैसे दिले होते हे मला अजून आठवतं.

२०१६ ला रस्त्याकडची ३० गुंठे विकली, २१ लाख आले. घराचा स्लॅब टाकला, मुलाच्या इंजिनिअरिंगला गेले. ताईला सांगितलं की थोडी जमीन विकली, कर्ज होतं ते फिटलं. २०१८ ला भाऊजींचा ॲक्सिडेंट झाला, तिने सोनं गहाण ठेवलं आणि माझ्याकडे ५० हजार उसने मागितले. मी म्हटलं हात तंग आहे, २० देतो. तिने ते २० हजार शिलाई करून दोन वर्षांत फेडले, शेवटचा हप्ता दोन हजारांचा होता आणि मी तो घेतला.

आता झालं असं की मागच्या वर्षी आजारी पडलो, बरा झालो, आणि खरंच मनापासून प्रभूकडे वळलो. रडून पाप कबूल केलं. आमच्या चर्चच्या पाळकांना पण सांगितलं (सगळं नाही, जमिनीत चूक झाली एवढं). ते म्हणाले प्रभूने माफ केलंय, आता मागे बघू नको. पण उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" या ओळीला माझा आवाज बंद होतो. ऋण शब्द आला की सात-बारा दिसतो डोळ्यासमोर. चार महिने चर्चमधलं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेतलेलं नाही, बायको विचारते काय झालंय.

प्रश्न असा की ताईला सांगणं गरजेचं आहे का? तिला काहीच माहीत नाही. सांगितलं तर नातं तुटेल, आई ७८ ची आहे, माझ्याकडेच असते. की न सांगता तिला कशाच्या तरी निमित्ताने पैसे देत राहू? आणि द्यायचे तर किती?

---

पाळकाची_मुलगी
भाऊ, सलाम. माझे वडील नगर आणि जालन्याकडच्या मंडळ्यांमध्ये ३६ वर्षं पाळक होते, असे प्रश्न घेऊन माणसं रात्री आमच्या घरी यायची, दिवसा कोणी यायचं नाही. त्यामुळे तुम्ही लिहिलंत हेच मला मोठं वाटतं.

आधी वचन बघू. मत्तय ५:२३-२४ आपल्याला पाठ असतं पण आपण ते उलटं लक्षात ठेवतो, की माझ्या मनात कोणाविषयी राग असेल तर आधी तो काढावा. तिथे तसं लिहिलेलंच नाही. तिथे आहे की *तुझ्या भावाच्या* मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर दान वेदीपुढेच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन दान दे. म्हणजे ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याकडे आपण जायचं आणि तेही उपासना अर्धी सोडून. तुम्ही चार महिने भोजनाला पुढे गेला नाहीत ते बरोबरच केलंत असं मला वाटतं, फक्त तिथेच थांबलात, पुढचं "जा" राहिलं.

दुसरं म्हणजे जुन्या करारातलं लेवीय ६. कोणी शेजाऱ्याला फसवून काही घेतलं, खोटी शपथ वाहिली, तर त्याने ते पुरतं परत करायचं वर पाचवा हिस्सा जास्त घालायचा, आणि कधी, तर ज्या दिवशी दोषार्पण (अपराधाबद्दलचं अर्पण) आणायचं त्याच दिवशी ज्याचं आहे त्याच्या हातात. आधी मालक मग वेदी. देव स्वतःच्या पुढे तुमच्या ताईला उभं करतोय तिथे. मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

घरी आजी नेहमी सांगायची की १९०५ ला केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आत्मिक जागृती झाली तेव्हा मुली तासन् तास रडून पापं कबूल करायच्या. आणि आजी लगेच पुढे म्हणायची, रडणं म्हणजे नांगरट, पेरणी अजून व्हायचीय.

तर माझं उत्तर, हो सांगा. पूर्ण सांगा. पाळकांना सांगितलंत तसं "चूक झाली" एवढं नाही.

---

कृपा_पुरेशी
मला थोडं वेगळं म्हणायचंय, कोणी राग मानू नका. मी स्वतः दारूतून बाहेर आलेला माणूस आहे, ९ वर्षं झाली. मी जेवढ्या लोकांचं नुकसान केलं ते सगळं फेडायला बसलो तर हा जन्म पुरणार नाही. मला वाचवलं ते कृपेने. इफिस २:८-९, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण आहे, कर्मांनी नाही. स्तोत्र १०३ म्हणतं पूर्व पश्चिमेपासून जितकी लांब तितके त्याने आपले अपराध दूर केले. मीखा ७ म्हणतं पापं समुद्राच्या तळाशी टाकली. मग आपण गळ टाकून ती परत का काढायची? सैतान रोज जुनं आठवण करून देतो, भाऊंना तेच होतंय असं मला वाटतं. ताईला मदत जरूर करा, भरपूर करा, पण १५ वर्षांनी सांगून तिचा भाऊ तिच्यापासून हिरावून घ्यायचा आणि म्हाताऱ्या आईला हे दाखवायचं यात कोणाचं भलं आहे?

---

पाळकाची_मुलगी
भाऊ तुमच्या ९ वर्षांबद्दल प्रभूची स्तुती, मनापासून. कृपेबद्दल तुमच्याशी माझा काहीच वाद नाही. पण लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय बघा ना, लूक १९. येशूने त्याला झाडावर बघितलं, नावाने हाक मारली, तुझ्या घरी उतरतो म्हणाला, तोपर्यंत जक्कयने एक पैसा दिला नव्हता. कृपा आधी आली. आणि ती आली म्हणूनच तो उभा राहून म्हणाला अर्धं गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. चौपट हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही, निर्गम २२ मध्ये मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं द्यायची असं आहे, बैलाला पाच. म्हणजे तो जकातदार स्वतःहून चोराच्या रांगेत जाऊन उभा राहिला. कोणी त्याला विचारलंही नव्हतं. त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण झालं.

आणि समुद्राच्या तळाशी पाप गेलं हे खरं, पण जमीन नाही गेली ना. ती अजून भाऊंच्या नावावर आहे, दरवर्षी तिच्यात कांदा निघतोय.

---

वसईकर
मी कॅथलिक आहे, आमच्याकडची पद्धत सांगतो, कदाचित उपयोग होईल.

मी १९-२० वर्षांचा असताना वसईत एका दुकानात कामाला होतो. दीड वर्षात गल्ल्यातून थोडे थोडे करत साधारण ११ हजार काढले, तेव्हा ती रक्कम मोठी होती. उपवासकाळात कन्फेशनला गेलो, जाळीच्या पलीकडे फादर होते, सगळं सांगितलं. मला वाटलं पन्नास नमो मरिया सांगतील आणि सुटलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पैसे परत कधी देणार? मी गप्प. म्हणाले, प्रार्थना पण सांगतो, पापाची क्षमा पण देतो, पण ते पैसे तुझे नाहीत आणि क्षमा मिळाल्याने ते तुझे होत नाहीत.

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं हे त्यांचं स्वतःचं काही नव्हतं, चर्चची शिकवणच आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, कॅटेकिझममध्ये, १४५९ नंबरचा परिच्छेद आहे, त्यात स्पष्ट आहे की क्षमेने पाप जातं पण पापाने जी मोडतोड केली ती आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत द्या, कोणाची बदनामी केली असेल तर त्याचं नाव परत चांगलं करा, कोणाला दुखापत केली असेल तर भरपाई द्या, आणि हे सगळं साध्या न्यायाने तुमच्याकडे येतं असं म्हटलंय, भक्तीचं जास्तीचं काम म्हणून नाही.

मला फेडायला १४ महिने लागले. तोपर्यंत दुकानाचे मालक वारले होते. फादरांनीच पाकीट त्यांच्या बायकोकडे पोचवलं, नाव सांगितलं नाही, कन्फेशनमधलं ते कोणालाच सांगू शकत नाहीत. म्हणजे आमच्यात न सांगता परत करायची वाट आहे, जिथे सांगून समोरच्याचं काही भलं होणार नाही तिथे. पण दादा तुमच्या बाबतीत मला ती वाट चालेल असं वाटत नाही, कारण तुम्ही ताईंच्या पैशाबरोबर त्यांची *समजूत* पण घेतलीय. त्यांना अजून वाटतंय की भावाने कर्ज फेडायला जमीन विकली आणि तरी मला २० हजार दिले. त्या तुमचे उपकार मानत असतील. निमित्त काढून पैसे दिलेत तर अजून मानतील. हे फार वाईट आहे, स्पष्ट लिहितो म्हणून माफ करा.

---

धाकटी_लेक
मी हा धागा दोन दिवस वाचतेय आणि लिहू की नको करतेय. मी ती बहीण आहे. म्हणजे तुमची नाही, पण तशीच.

माझ्या भावाने वडिलांच्या घराच्या बाबतीत हेच केलं होतं. मला दोन वर्षांत कळलं, मी बोलले नाही, आई होती म्हणून. मग २०१९ ला एका रविवारी दुपारी भाऊ, वहिनी, त्यांचे पाळक आणि मंडळीतले दोघं असे माझ्या घरी आले. न सांगता. हॉलमध्ये बसले, पाळकांनी वचन वाचलं, "सातांच्या सत्तर वेळा", भावाने गुडघे टेकले, सगळे रडायला लागले, मी पण रडले, माझा नवरा हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभा. मला म्हणाले ताई प्रभूने जशी तुम्हाला क्षमा केली. मी काय बोलणार? पाच लोक बघतायत. मी म्हटलं केलं माफ. मग प्रार्थना झाली, चहा झाला, गेले.

घर अजून त्याच्याच नावावर आहे. त्याबद्दल एक शब्द निघाला नाही, आणि मी काढला असता तर मीच मनात धरून बसणारी झाले असते. पुढच्या महिन्यात त्याने चर्चमध्ये साक्ष दिली की प्रभूने आमच्या कुटुंबात कसा समेट घडवला. माझं नाव घेतलं नाही पण सगळ्यांना कळलं. लोक मला येऊन हात मिळवत होते.

भाऊ, मी त्याला खरंच माफ केलं होतं, त्या रविवारच्या कितीतरी आधी, एकटीने, स्वयंपाकघरात, कारण ते मनात घेऊन मला झोप लागेना. ते माझं आणि प्रभूचं होतं. पण त्या दिवशी तो माझ्याकडून अजून एक गोष्ट घेऊन गेला. त्याला हलकं वाटलं आणि ओझं माझ्या हॉलमध्ये राहिलं.

म्हणून माझं ऐका. एकटे जा. पाळकांना नेऊ नका, बायबल नेऊ नका. नाताळ, वाढदिवस, कोणाचं लग्न असलं काही धरून जाऊ नका, तिला तो दिवस कायमचा तसाच आठवेल. आधी कागद तयार करा मग जा, नुसतं तोंड घेऊन जाऊ नका. माफ कर असं *मागू नका*. काय केलं ते सांगा, सोसायटीचं कर्ज नव्हतं हे वाक्य तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, काय परत करताय ते सांगा, आणि उठून या. ती शिव्या देईल, रडेल, सहा महिने फोन उचलणार नाही, तो तिचा हक्क आहे आणि तो सोडल्याची सही पण तिच्याकडून घेऊ नका.

आणि "तिला काहीच माहीत नाही" असं खात्रीने लिहिलंय ना तुम्ही, मी पण दोन वर्षं माहीत नसल्यासारखीच वागत होते.

---

तालुका_कोर्ट
वकील आहे, भावनेचं वरच्यांनी लिहिलंय, मी कागदाचं लिहितो.

ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय वारसा कायदा १९२५ लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांमध्ये समान, मुलगा मुलगी फरक नाही. म्हणजे तुमच्या तीन एकरात आई एक, ताई एक, तुम्ही एक. आईंनी स्वखुशीने सोडलं असेल तर तो विषय वेगळा, पण त्यांना पण खरं सांगूनच सही घेतली होती का ते स्वतःला विचारा.

ताईंचा हिशेब: विकलेल्या ३० गुंठ्यांत १० गुंठे म्हणजे ७ लाख, आणि शिल्लक ९० मध्ये ३० गुंठे. ७ लाख २०१६ चे आहेत हे विसरू नका, तेव्हा एफडीत टाकले असते तर आतापर्यंत जवळपास दुप्पट झाले असते. वर लेवीयचा पाचवा हिस्सा सांगितलाय तो धरला तर ८ लाख ४० होतात, म्हणजे व्याजाइतकेही नाहीत. तेव्हा देवाच्या नियमशास्त्राचा आकडा कमीत कमी म्हणून धरा.

जमीन परत द्यायला नुसतं तोंडी किंवा स्टँपवर लिहून चालणार नाही, नोंदणीकृत बक्षीसपत्र लागेल, मग फेरफार. भाऊ-बहिणीत किती स्टँप ड्युटी लागते आणि तुकडेबंदीत (जमिनीचे फार लहान तुकडे करू न देणारा कायदा) तो तुकडा बसतो का ते तिथल्या वकिलाकडे बघा. खर्च तुम्हीच करायचा हे सांगायला नको.

एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागायला तीन वर्षांची मुदत असते आणि ती फसवणूक कळल्यापासून धरतात. म्हणजे तुम्ही सांगितलंत की ताईंच्या हातात तुमच्याविरुद्ध दावा येतो. माझा अशील असतात तर धंदा म्हणून मी गप्प बसा म्हटलं असतं. इथे म्हणत नाही. तो दावा त्यांच्या हातात देणं हाच कबुलीचा खरा भाग आहे असं मला वाटतं.

---

कृपा_पुरेशी
धाकट्या ताईंचं वाचून मी माझं पहिलं मत मागे घेतो. मी माझ्या बायकोची पण अशीच चार लोकांत माफी मागितली होती, तिला काय वाटलं ते कधी विचारलं नाही. आज विचारणार आहे.

---

वसईकर
एक राहिलं होतं. आमच्यात सिस्टर राणी मारिया म्हणून होऊन गेल्या, मध्य प्रदेशात इंदूरच्या बाजूला गरीब शेतकऱ्यांत काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसच्या प्रवासात समुंदर सिंह नावाच्या माणसाने चाकूने त्यांना मारलं. २००२ ला त्यांची सख्खी बहीण, ती पण सिस्टरच, जेलमध्ये जाऊन त्याला राखी बांधून आली. घरच्यांनी त्याच्या सुटकेच्या अर्जावर सह्या केल्या, २००६ ला तो सुटला, केरळला जाऊन त्यांच्या आईला भेटला. २०१७ ला सिस्टरना चर्चने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. लोक हे सांगताना बहिणीच्या क्षमेचंच सांगतात आणि ते आहेच मोठं. पण तोपर्यंत त्याने ११ वर्षं जेलमध्ये काढली होती हे कोणी सांगत नाही. क्षमा झाली म्हणून शिक्षा झालीच नाही असं नव्हतं.

---

पाळकाची_मुलगी
वकील साहेबांचं वाचून बायबलमधलं, पौलाने फिलेमोनला लिहिलेलं पत्र आठवलं. अनेसिम हा फिलेमोनचा पळून गेलेला दास, पौलाकडे येऊन विश्वासात आला, आता तो भाऊ झाला. तरी पौल त्याला परत धाडतो, आणि मालकाला लिहितो की याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, हे मी पौल स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. त्या इतक्या प्रेमाच्या पत्रात मध्येच ही वचनचिठ्ठी आहे. पौलाला पण नुसतं "प्रभूत सगळं मिटलं" म्हणता आलं नाही.

---

गावाकडचा
सगळ्यांना सलाम, तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचं दहा-दहा वेळा वाचलं. धाकट्या ताई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, तिला तेव्हाच सगळं कळलं, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग म्हणाली माझे दागिने मोडा.

वकिलाकडून बक्षीसपत्राचा मसुदा करून घेतला, ३० गुंठे, विहिरीच्या बाजूची. ७ लाखाचे १४ धरले, ५ आत्ता जमलेत, बाकीचे कधी कधी देणार ते तारखा घालून लिहून सही केली. आईला आधी सांगितलं. आई म्हणाली मला वाटलंच होतं पण तू माझा मुलगा ना. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

गुरुवारी गेलो. एकटा. भाऊजी पण घरी होते, ताई मशीनवर बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर बोलता आलं नसतं. कर्ज नव्हतं म्हटलं. २० हजारांचं पण सांगितलं की तेव्हा माझ्या खात्यात चार लाख होते. ती मशीन थांबवून ऐकत होती, हातात कोणाचा तरी ब्लाऊज होता तो तिने नीट घडी करून बाजूला ठेवला. रडली नाही. कागद घेतले नाहीत, टेबलावर ठेव म्हणाली. मी माफी मागितली नाही, तोंडावर आली होती पण गिळली. भाऊजींनी एवढंच विचारलं की २०१६ चं खरेदीखत बघायला मिळेल का, २१ लाखच होते का ते आम्हाला बघू दे. बरोबर आहे, माझ्या शब्दावर का विश्वास ठेवतील.

निघताना ताई म्हणाली आईला फोन करायला सांग. मला काही बोलली नाही. त्यानंतर तिचा मला फोन नाही, आईशी रोज बोलते, दारातून आवाज ऐकू येतो.

पाळकांना पण आता पूर्ण सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मी तुला लवकर सोडलं. प्रभुभोजनाचं त्यांनी माझ्यावर सोडलंय, मी अजून घेतलेलं नाही.

खरेदीखताची नक्कल काढायला टाकलीय, सोमवारी मिळेल म्हणालेत. ती घेऊन मंगळवारी भाऊजींकडे जातोय.